दाण्यावर आलेला पाहुणा



आज खरं तर कैरीच्या लोणच्याबद्दल लिहायचं ठरलं होतं. कैऱ्या आणूनही ठेवल्या आहेत. पण गेले काही दिवस मनात दुसरंच घोळतंय. ते आधी तुमच्यापुढे मांडते, लोणचं पुढच्या वेळी.

आमच्या सांगलीच्या घरामागे छोटीशी परसबाग आहे. शेवगा, कढीपत्ता, जास्वंदीची दोन दाट झुडपं आणि कुंपणाला मेंदी. शेवग्याच्या फांदीला आमच्या ह्यांनी जुन्या पाटाच्या फळ्यांचं एक खोकं करून टांगलंय. त्यात मी रोज सकाळी ज्वारी, राळे आणि तांदळाची कणी घालते. खाली मातीच्या परळात पाणी. पाणी गाळूनच भरायचं आणि परळ रोज घासायचा, हा सासूबाईंचा नियम. दुसरा नियम असा की, दाणा निवडल्याशिवाय घालायचा नाही. मी नवीन होते तेव्हा एकदा पोरकिडे झालेली ज्वारी उचलून पक्ष्यांना टाकायला निघाले होते. त्यांनी हात धरला. "अगं, किडे पक्ष्यांच्या पुढ्यात टाकायचे आणि वर पुण्य मागायचं, असं कुठं असतं?" तेव्हापासून पक्ष्यांचा दाणाही घरच्या दाण्यासारखा निवडते.

चिमण्या, होले, मुनिया रोजच्याच. खार तर हक्कानं येते. बुलबुल फक्त पाण्याला.

त्या दिवशी वैशाखातली अष्टमी होती. मंदिरातून आले, परळ भरायला मागच्या दारी गेले, तर बाग अगदी गप्प. एरवी चिमण्यांचा एवढा गलका असतो की, फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही. वर बघितलं तर खोक्याच्या वरच्या फांदीवर एक नवाच पक्षी. साधारण पारव्याएवढा, पण अंगानं सडपातळ. पाठ राखाडी, छातीवर विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा, शेपटीवर गडद पट्टे. आठवडाभर कुठूनतरी पावशाची हाक ऐकू येत होती. मला वाटलं, हाच तो! हळूच फोन काढला, दारामागूनच फोटो घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकून दिला. "पावशा दारी आला, यंदा पाऊस चांगला!" नणंदेनं हात जोडले, जावेनं फुलं पाठवली. मी खूश.

संध्याकाळी पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, फोटो मोठा करून बघ. तो पावशा नाही, शिक्रा आहे. चोच बघ, कशी बाकदार आहे. पाय बघ, लांब आणि पिवळे. डोळा लाल आहे म्हणजे नर असणार." तिनं सांगितलं की, पावशा आणि शिक्रा दिसायला इतके सारखे असतात की, लहान पक्षीसुद्धा पावशाला बघून घाबरतात. म्हणजे मीच एकटी फसले नव्हते. शिक्रा हा लहानसा शिकारी पक्षी. सरडे, उंदीर, लहान पक्षी हे त्याचं अन्न. शहरातल्या झाडांवरही राहतो.

हे कळल्यावर मी काय करायला हवं होतं? दाणा बंद करायला हवा होता. पण खरं सांगते, माझ्या मनात आलं ते एवढंच की, उद्या परत आला तर जवळून, स्वच्छ फोटो घ्यायचा.

तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत फोन धरून उभी होते. गॅसवर दूध होतं. खोक्यावर सात-आठ चिमण्या. मेंदीच्या बाजूनं एक राखाडी रेघ आली, एवढंच मला दिसलं. भुर्रकन सगळ्या उडाल्या. एक उडाली नाही. शिक्रा शेवग्याखाली जमिनीवर होता, पंख अर्धे पसरलेले, पायाखाली चिमणी. त्यानं मान वळवून थेट माझ्या खिडकीकडे बघितलं. आणि मी बटण दाबलं. परत दाबलं. सात फोटो घेतले. चिमणी अजून हलत होती.

"मिळाला!" माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं.

देवघरातून सासूबाईंनी विचारलं, "काय मिळालं गं?"

मला उत्तरच देता येईना. दूध उतू गेलं होतं, ते पुसत राहिले.

त्या दिवशी सामायिकाला बसले, पण मन लागेना. आपण लहानपणापासून पाठशाळेत शिकतो की, गृहस्थाच्या हातून चार प्रकारची हिंसा घडते: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मनाशी विचार केला, ह्यातली माझी कोणती? मी मारलं नाही. मारायला सांगितलंही नाही. स्वतःची सुटका करून घेत होते. मग दुसरा धडा आठवला. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि कुणी केलेल्याला मनातून होकार देणं, म्हणजे कृत, कारित आणि अनुमोदना, हे तीनही आपल्याकडे मोजले जातात. आणि मी तर "मिळाला" म्हणाले होते. मोठ्यानं.

रात्री सासूबाईंना सगळं सांगितलं. आधी त्या गप्प बसल्या. मग मीच म्हटलं, "आई, मेला तो पक्षी परत आला तर भांडी वाजवून हाकलून देऊ."

त्या म्हणाल्या, "त्याला शिव्या नको देऊस. तो भुकेला आहे. तुझ्या चिमण्या तरी कुठं सगळ्या शाकाहारी? पिलांना अळ्याच भरवतात की." हे मला माहीत होतं. दर उन्हाळ्यात चोचीत अळी घेऊन जाणारी चिमणी मी बघते आणि "बघा, आई कशी असते" म्हणून कौतुक करते. चिमणीचं कौतुक, शिक्र्याला शिव्या.

मग त्यांनी सिंहाची गोष्ट आठवण करून दिली. आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेलीच. महावीर भगवानांचा जीव पूर्वीच्या एका भवात सिंह होता. त्यानं हरीण धरलं होतं, त्याच वेळी आकाशमार्गानं जाणारे दोन मुनिराज खाली उतरले. त्यांनी सिंहाला मारलं नाही, हाकललं नाही, उपदेश केला. सिंहाच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यानं हिंसा सोडली. तीर्थंकर होण्याची वाट तिथून सुरू झाली. ही गोष्ट मी मुलांना कितीतरी वेळा सांगितली आहे. पण दारात तसाच एक जीव येऊन उभा राहिला, तेव्हा मला एक तर त्याचा फोटो हवा होता, नाहीतर तो डोळ्यांपुढून जायला हवा होता.

दिल्लीला गेलो होतो तेव्हा लाल मंदिराच्या आवारातलं पक्ष्यांचं रुग्णालय बघितलं होतं. तिथं दाणे खाणारे पक्षी दाखल करून घेतात. शिकारी पक्ष्यांवरही उपचार करतात, पण त्यांना इतरांबरोबर ठेवत नाहीत. तेव्हा मला ते थोडं विचित्र वाटलं होतं. आता वाटतं, किती सरळ विचार आहे. दया दोघांवर करायची, पण एकाला दुसऱ्याच्या तोंडी जाऊ द्यायचं नाही.

माझ्या बागेत मी नेमकं उलटं केलं होतं. चिमण्यांना एका जागी, एका वेळी, अगदी उघड्यावर बोलावलं होतं. आजूबाजूला लपायला काही नाही. दाणा निवडून घातला, जागा निवडली नाही.

लेकीला विचारून आम्ही आता असं केलंय. पंधरा दिवस खोकं रिकामं ठेवलं, म्हणजे पक्षी पांगतील आणि शिक्राही दुसरीकडे जाईल. पाणी मात्र चालू ठेवलं, उन्हाळा आहे. नंतर खोकं शेवग्यावरून काढून जास्वंदीच्या दाट झुडपाजवळ टांगलं, म्हणजे भीती वाटली की चिमणी दोन उड्यांत आत शिरते. मात्र मांजराला दबा धरता येऊ नये म्हणून खालच्या फांद्या छाटल्या. दाणाही थोडाथोडा, दिवसातून दोनदा घालते. आता एका वेळी गर्दी होत नाही.

शिक्रा गेला नाही, गल्लीच्या टोकाला आहे. तिथल्या कडुलिंबावर काटक्यांचं घरटं आहे आणि नर तिथं काहीतरी घेऊन जाताना दिसतो. मादी अंड्या-पिलांपाशी बसते आणि नर तिच्यासाठी अन्न आणतो, असं लेक म्हणाली. म्हणजे त्या दिवशी माझ्या बागेतून तो कुणासाठी तरी घेऊन गेला असेल. ह्यानं चिमणीचं दुःख कमी होत नाही. पण त्याच्याबद्दलचा राग गेला.

ते सात फोटो मी काढून टाकले. नणंदेनं दोनदा मागितले, "अगं, असा फोटो कुणाला मिळतो!" तिला नाही म्हटलं, पण का ते नीट सांगता आलं नाही, म्हणूनही हा लेख. पहिला फोटो मात्र ठेवलाय, ज्यात तो नुसताच फांदीवर बसलाय आणि मी त्याला पावशा समजले होते.

तुमच्याकडेही दाणापाणी ठेवत असाल, तर एकदा जागा बघून घ्या. जवळ आसरा आहे ना? आणि कधी असा पाहुणा आला तर तुम्ही काय केलंत, मला जरूर कळवा. माझ्या मनातले सगळे प्रश्न सुटलेत असं नाही.

कालच्या प्रतिक्रमणात त्या चिमणीची क्षमा मागितली. शिक्र्याचीही.

जय जिनेंद्र.