हात कुठे ठेवायचे?

चित्र पाहताना हात कुठे ठेवायचे, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीही समजलेले नाही. खिशात घातले तर आपण काही विकत घ्यायला आलेलो नाही हे उघड होते. पाठीमागे बांधले तर शाळा-तपासनीस आल्यासारखे दिसते. हाताची घडी घातली तर आपण चित्रकारावर रागावलो आहोत असा समज होतो. म्हणून एकदा मी जाणकारासारखा हात हनुवटीला लावून मान तिरकी केली, तर मागून बायकोचा आवाज आला, "अहो, पुन्हा दाढ दुखतेय का?"

प्रदर्शनाच्या दालनात हे एक वेळ निभावते. पंख्याखाली एक चक्कर मारावी, दाराशी ठेवलेल्या वहीत 'अप्रतिम!' असा शेरा लिहावा, खाली वाचता येणार नाही अशी सही करावी आणि बाहेर पडावे. खरी पंचाईत होते ती कलावंताच्या घरी गेल्यावर. तिथे चित्राखालीच चित्रकार बसलेला असतो. शेजारी त्याची आई तांदूळ निवडत असते, कोपऱ्यात नातवाचे दप्तर पडलेले असते आणि आतून पोह्यांचा वास येत असतो. पोह्यांची बशी हातात आल्यावर आपण 'अप्रतिम' म्हटले, तर ते नेमके कशाला म्हटले याचा खुलासा करावा लागतो.

तरीही कलावंतांच्या घरी मी पुष्कळदा गेलो आहे. कलेच्या ओढीने नव्हे, कर्ज-तपासणीसाठी. मी बँकेत कारकून. तपासणीच्या कागदावर तीन रकाने असत: कच्चा माल, अर्धवट तयार माल आणि तयार माल. एकदा आषाढात मी एका मूर्तिकाराकडे गेलो होतो. माजघरापासून पडवीपर्यंत गणपतीच गणपती. रंग झालेला, मुकुट झालेला, फक्त डोळे कोरे. मी पेन काढून विचारले, "हे तयार धरायचे की अर्धवट?"

"डोळे उघडायचेत अजून," तो म्हणाला.

"ते कधी उघडतील?"

"हात बसेल त्या दिवशी."

'हात बसेल त्या दिवशी' हे कुठल्या रकान्यात लिहायचे ते मला कळेना. शेवटी 'अर्धवट' असे लिहून मी उठलो. आधी देवाला नमस्कार केला आणि मग त्याला अर्धवट ठरवले, असे त्या दिवशी माझ्या हातून घडले. माझ्या बढतीचे काम अजून अडलेले आहे, त्याचे कारण हेच असावे असा मला दाट संशय आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी बदली सिंधुदुर्ग जिल्ह्यात झाली. कोकणात बदली झाली की माणसाला नातेवाईक किती आहेत ते समजते. त्यांपैकी डोंबिवलीचा माझा मेव्हणा गेल्या दिवाळीत सहकुटुंब आला आणि समुद्र, मासे व माझी रजा संपत आल्यावर म्हणाला, "भाऊजी, इथे आणखी काय बघण्यासारखं आहे?"

मी लगेच म्हणालो, "कलावंतांची घरं!"

या उत्साहामागे माझा एक कावा होता. आमच्या कन्येने बारावीनंतर चित्रकला शिकणार असल्याचे त्याच आठवड्यात जाहीर केले होते. १८५७ साली देशात बंड झाले आणि त्याच वर्षी मुंबईत जे. जे. कला विद्यालयाची सुरुवात झाली, असे इतिहास सांगतो. आमच्या घरात या दोन्ही गोष्टी एकाच रात्री, जेवणाच्या टेबलावर घडल्या. एलिमेंटरी, इंटरमीजिएट या परीक्षांना तिला बसवले होते ते दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. गुण मिळाले, दहावी झाली, आता तो विषय संपला, असे आम्ही दोघे समजत होतो. तेव्हा कलावंत कसे बसतात, किती वाकतात आणि महिन्याच्या एक तारखेला त्यांना काय मिळते, हे कन्येने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असा माझा बेत होता. मी काही बोलणार नव्हतो. परिस्थितीच बोलेल, अशी माझी खात्री होती.

सकाळी आम्ही कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो. तिथले ठाकर कलावंत चित्रकथी सांगतात. एका कथेच्या चित्रांची एक पोथी. एकेक चित्र समोर धरायचे आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा गायची. शिवाय कळसूत्री बाहुल्या आणि पडद्यामागे नाचणाऱ्या चामड्याच्या बाहुल्या. परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्यातच या सगळ्याचे संग्रहालय उभे केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मेव्हण्याला कलेपेक्षा जागेचा हिशेब जास्त भावला. "गोठ्यातून पद्मश्री! भाऊजी, आमच्या सोसायटीत माझ्या नावावर एक पार्किंग आहे." मी मात्र व्यवसायानुसार विचार करीत होतो. गोठा बांधायला कर्ज मिळते, गुरे घ्यायला मिळते. पण गोठ्यात आता राम, सीता आणि रावण राहणार आहेत असे सांगणारा अर्जदार माझ्या काउंटरवर आला असता, तर मी त्याला कोणता फॉर्म दिला असता? आणि जप्तीची वेळ आली असती तर रावण कुणी उचलून नेला असता?

कन्या तोवर एका जुन्या चित्रासमोर मांडी घालून बसली होती. तिच्या हातांना काही अडचण दिसत नव्हती. एका हातात वही होती, दुसऱ्यात पेन्सिल.

दुपारी सावंतवाडी. तिथला राजवाडा म्हणजे, खरे तर, कलावंतांना दार उघडून दिलेले घरच. वाड्याच्या दरबारात बसून कारागीर गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, एकूण १२० पाने. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पान कडक करायचे, त्यावर लेप द्यायचा, घोटायचे आणि मग रंगवायचे. गंमत म्हणजे खेळताना निम्म्या रंगांत दश्शा मोठा आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का. म्हणजे एका खात्यात जे जमा तेच दुसऱ्यात नावे. हा खेळ कुणा हिशेबनिसानेच काढला असणार, याबद्दल माझी खात्री पटली.

आम्ही दुपारच्या सुट्टीत बँकेत रमी खेळतो ते बावन्न पाने साठ रुपयांत आणून. त्यातला चौकटचा सत्ता हरवला आहे, त्या जागी शिपायाच्या पोराचा पासपोर्ट साइज फोटो चालतो. इथे एक पान रंगवणारा माणूस श्वास रोखून बसला होता. मेव्हण्याने विचारले, "हे मशीनवर छापत नाहीत का?" कारागिराने मान वर न करता सांगितले, "छापतात की." आणि तो पुन्हा मत्स्यावताराचे खवले काढू लागला. एवढे सभ्य उत्तर मला काउंटरवर बसून वीस वर्षांत कुणाला देता आलेले नाही.

आमच्या सौभाग्यवतीचे लक्ष भलतीकडेच गेले. "राजा आहे, वजीर आहे. राणी कुठाय?"

"राणी नसते यात."

"मग राज्य कोण चालवतं?"

या प्रश्नाचे उत्तर त्या वाड्यातच आहे. सावंतवाडीची ही कला अगदी संपत आली होती. शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. १९७१ च्या सुमारास वाड्यातच काम सुरू झाले. सत्वशीलादेवी स्वतः ती कला शिकल्या आणि २०१८ साली त्या गेल्या, तोवर कारागिरांच्या दोन-तीन पिढ्या तयार झाल्या होत्या. पत्त्यांत राणी नाही, पण पत्ते जगवले त्यात मोठा हात राणीचा. हे ऐकल्यावर आमच्या घरातली राणी माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागली, की मी घाईघाईने मंडळींना चितार आळीकडे वळवले.

चितार आळीत लाकडी खेळण्यांची आणि फळांची दुकाने आहेत. केळी, आंबे, सीताफळे, वांगी, मिरच्या, सगळे लाकडाचे. पांगाऱ्याचे हलके लाकूड त्यासाठी पूर्वीपासून वापरतात. एका दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी आमची संख्या पाहून पोरांना मागच्या पडवीत नेले. तिथे त्यांचे काम चालते. चटईवर रंगांच्या वाट्या, भिंतीशी टेकून ठेवलेली गादी, कोनाड्यात देव आणि देवांशेजारी औषधाच्या गोळ्या. काकांची पाठ काम करून करून वाकली होती. मला हवा होता तो पुरावा हाच.

मी सरळ मुद्द्यावर आलो. "काका, या धंद्यात काही राहिलंय का?"

"कसला काय!" काका म्हणाले. त्यांच्या हातात लाकडी आंबा होता आणि त्याच्या गालावर ते तांबूस छटा चढवत होते. "दिसभर बसा, पाठ मोडता, डोळे जातत. माझो झील बँकेत आसा. एसीत बसता. एक तारखेक पगार."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. "ऐकलंस?" मी कन्येकडे वळून म्हणालो.

"तुमच्या चेडवाक पण बँकेतच घाला," काका पुढे म्हणाले. "ह्यात पडा नको सांगा तिका."

यापेक्षा स्पष्ट शब्दांत कुणी काय सांगणार? पण कन्या ऐकत नव्हती. ती बघत होती. आणि ती काय बघते आहे म्हणून मीही पाहिले, तेव्हा माझा घोटाळा माझ्या ध्यानात आला. काकांचे तोंड माझ्या बाजूने बोलत होते आणि हात तिच्या बाजूने. तोंड म्हणत होते, काही राहिले नाही. हात मात्र आंबा फिरवून, थांबून, अर्ध्या बोटाने रंग पुसून, पुन्हा तिथेच लावून, त्या आंब्याला पिकवत होते. परवडत नाही म्हणणारा माणूस पाच मिनिटे एका आंब्याच्या एका गालावर खर्च करीत नाही. माझ्या काउंटरला पाच मिनिटांत तीन चेक होतात, आणि त्यांतल्या एकाकडेही मी असे पाहिलेले नाही.

"तुम्ही काढायचात ना, बाबा?" कन्या एकदम म्हणाली. "आजी सांगते."

आता हे प्रकरण निघायचे कारण नव्हते. मला इंटरमीजिएटला 'अ' श्रेणी मिळाली होती, ही गोष्ट खरी. वस्तुचित्रात तांब्या आणि दोन लिंबे होती. पण नंतर वडिलांनी शांतपणे विचारले होते, "तांब्या काढून तांब्यात पाणी येतं का?" मी वाणिज्य शाखेला गेलो. पाणी आले, हे कबूल केले पाहिजे. फ्लॅटही आला. रंगांची पेटी तेवढी कुठे गेली ते ठाऊक नाही.

काकांनी दुसरा आंबा आणि ब्रश माझ्यापुढे धरला. "घेवा. बघा."

मेव्हण्याने मोबाइल काढला. ब्रश टेकवताच माझा हात थरथरू लागला. काका हसले.

"घाबरतास कित्याक? फळ आसा ता, चेक न्हय!"

मी आंब्याच्या गालावर रंग लावला. जास्त झाला. पुसला. पुन्हा लावला. मध्येच चहा येऊन निवला. मेव्हणा काहीतरी म्हणाला आणि त्याची बायको हसली, एवढे आठवते. वर पाहिले तेव्हा अर्धा तास गेला होता, आणि त्या अर्ध्या तासात हात कुठे ठेवायचे हा प्रश्न मला पडलेला नव्हता.

आंबा बिघडला होता. आंब्याला गोवर आल्यासारखा दिसत होता. मी पैसे देऊ लागलो तर काका घेईनात. खराब मालाचे पैसे घेत नाहीत, म्हणाले. मग आम्ही भरपाई म्हणून डझनभर फळे आणि एक बैलगाडी विकत घेतली. निघताना काकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "झिलाक प्रमोशन कधी मेळात ओ?" मी म्हणालो, "हात बसेल त्या दिवशी." त्यांना ते उत्तर पटले.

परतीच्या वाटेवर गाडीत सगळे झोपले होते. बायको खिडकीकडे पाहत म्हणाली, "तुम्हाला तिला समजवायला नेलं होतं ना?"

"समजावलं की," मी म्हणालो. कुणाला, ते तिने विचारले नाही.

गेल्या आठवड्यात कन्येने एक अर्ज माझ्यापुढे ठेवला. चित्रकलेच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारा वर्ग आहे, त्याला पालकांची सही लागते. मी अर्ज दोनदा वाचला, उलटून पाहिला. सवयच आहे ती. मग सही केली. हात थोडा हलला. नमुना सहीशी ती काही जुळत नव्हती. काउंटरला असतो तर मी नक्की परत केली असती.

तो बिघडलेला आंबा आमच्या फ्रिजवर असतो. घरी येणारे पाहुणे तो दाबून पाहतात आणि म्हणतात, "हा काही खरा वाटत नाही हं!" मी म्हणतो, "अर्धवट तयार माल आहे."