नेपल्सची लक्ष्मी आणि ट्रॉम्सोची पौर्णिमा

नारायण पेठेंतील मनुष्य सहसा पेठेबाहेर जात नाहीं; गेलाच तर सदाशिव पेठेपर्यंत, आणि तोहि कांहीं कामानिमित्त. असें असतां आम्ही उभयतां २०२५ च्या मे-जून महिन्यांत दक्षिण इटली पाहून थेट नॉर्वेच्या उत्तर टोकाकडे जाऊन आलों, याचें सारें श्रेय आमच्या कनिष्ठ चिरंजीवांस आहे. त्यांनीं आधीं तिकिटें काढलीं आणि मग आम्हांस विचारलें. खर्चाचा विषय काढतांच "बाबा, तिकिटें परत होत नाहींत" असें उत्तर मिळालें. या युक्तिवादापुढें पेठेंतील कोणत्याहि सद्गृहस्थाचा विरोध टिकत नाहीं.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें आणि तास भरावयाचे म्हणून भूगोलहि शिकविला. व्हेसुव्हियसचा उद्रेक व मध्यरात्रीचा सूर्य हे आमचे विशेष आवडीचे धडे. ते आम्ही इतक्या ठासून शिकवीत असूं कीं, यांपैकीं आपण कांहींच पाहिलेलें नाहीं याचा आम्हांसच विसर पडे.

इ. स. ७९ मध्यें राखेखालीं गाडलें गेलेलें पाँपेई शहर प्रत्यक्ष पाहतांना आमचें व्याख्यान सुरू झालेंच होतें. परंतु सौभाग्यवतींचें लक्ष रस्त्याकडे. तेथील फरसबंद रस्त्यांत पायीं जाणारांसाठीं मधून मधून उंच दगड बसविलेले आहेत; म्हणजे रस्त्यांतील घाणपाणी चुकवून पलीकडे जातां यावें, आणि गाड्यांचीं चाकें दगडांमधील फटींतून जावीं. चाकोऱ्या अद्याप दिसतात. सौ. म्हणाल्या, "पावसाळ्यांत लक्ष्मी रोडला असेच दगड हवेत." यावर आमच्या व्याख्यानांत उत्तर नव्हतें.

नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयांत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे. १९३८ सालीं ती पाँपेईच्या उत्खननांत सांपडली. उंची जेमतेम वीतभर. लक्ष्मी म्हणून तिची प्रसिद्धि झाली. अलीकडील विद्वान् तिला यक्षी मानतात. आपल्या जालना जिल्ह्यांतील भोकरदनच्या उत्खननांतहि तिच्याशीं जुळणारी मूर्ति निघाली, त्यामुळें ही बाई सातवाहनांच्या मुलखांतूनच समुद्रापार गेली असावी असें कित्येक संशोधकांस वाटतें. तिला पाहणें आम्हांस भागच होतें. परंतु तिला ठेवलें आहे 'गुप्त दालन' नांवाच्या दालनांत, आणि तेथील इतर वस्तूंचें वर्णन घरांत सर्वांनीं वाचावयाच्या मासिकांत करतां येत नाहीं. आम्ही छताकडे दृष्टि लावून चाललों. सौ. मात्र सरळ समोर पाहत होत्या. "अहो, खालीं बघा, ठेंच लागेल," एवढेंच त्या म्हणाल्या.

मूर्तीपाशीं त्या पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या. हातभर बांगड्या, पायांत जड वाळे, दोहों बाजूंस दोन दासी. "हिला इकडे येऊन दोन हजार वर्षें होत आलीं," त्या म्हणाल्या, "आणि मला दहा दिवसांत घर आठवायला लागलें."

तेथून विमानानें ऑस्लो व ऑस्लोहून ट्रॉम्सो. अक्षांश सुमारें ६९ अंश ३९ मिनिटें. येथें साधारण २० मेपासून २२ जुलैपर्यंत सूर्य मावळत नाहीं. पहिल्याच दिवशीं पेंच पडला, तो सायंसंध्येचा. शेवटीं घड्याळास प्रमाण मानून खिडकीचा पडदा ओढला व संध्या उरकली.

आमच्या घराहून केसरीवाडा हांकेच्या अंतरावर. 'आर्यांचें मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे होतें' हें प्रतिपादन करणारा लोकमान्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. ऋग्वेदांतील उषासूक्तांत अनेक दिवस टिकणारी पहाट वर्णिली आहे, हा त्यांतील एक मुख्य आधार. आज विद्वानांस तें मत मान्य नाहीं. तरीहि, ध्रुवप्रदेश न पाहतां केवळ ऋचा व ज्योतिष यांवरून त्या उजेडाचा इतका बारीक विचार करणारी बुद्धि केवढी असेल, हें ट्रॉम्सोच्या खिडकींत बसून आम्हांस प्रथम उमगलें. सूर्यसिद्धान्तांतहि मेरूवरील देवांचा दिवस सहा महिन्यांचा सांगितला आहे. तें आम्हीं पाठ केलें होतें, पाहिलें नव्हतें.

१० जून, वटपौर्णिमा. वड मिळणें अशक्य. सौ. नीं कागदावर पेन्सिलीनें वड काढला, पारंब्यांसह. त्याला सूत गुंडाळलें व सफरचंदांचा नैवेद्य दाखविला. रात्रीं रोपवेनें ४२१ मीटर उंचीचा डोंगर गांठला. उत्तरेस समुद्रावर सूर्य स्वच्छ दिसत होता.

"अहो, बारा वाजले. हा तर अजून खालीं जातोच आहे."

येथें मात्र भूगोलाचा मास्तर जागा झाला. येथील उन्हाळी घड्याळ ३० अंश पूर्व रेखांशाचें. गांव १९ अंशांवर. फरक ११ अंश, अंशाला चार मिनिटें, एकूण ४४. पाऊण वाजण्याच्या सुमारास सूर्य खरोखरच सर्वांत खालीं आला व पाण्याला न शिवतां पुनः वर चढूं लागला. आम्हीं विजयी मुद्रेनें सौ. कडे पाहिलें.

त्या दुसरीकडेच पाहत होत्या. "आज पौर्णिमा ना? मग चंद्र कोठें आहे?"

आम्ही चपापलों. हा प्रश्न आम्हांस पूर्वीं एकदां विचारला गेला होता. तीस वर्षांपूर्वीं, सातवीच्या वर्गांत, मध्यरात्रीच्या सूर्याचा धडा रंगांत आला असतां मागच्या बाकावरील एका मुलानें हात वर केला होता, "सर, तिथें पौर्णिमेला चंद्र कुठें असतो?" आम्हांस उत्तर येत नव्हतें. तें कबूल न करतां "पुस्तकांत आहे तेवढेंच विचार" असें दटावून आम्हीं त्याला बाकावर उभें केलें. वर्ग हंसला. त्या वर्षीं त्या मुलानें पुनः हात वर केला नाहीं.

डोंगरावर उभ्या उभ्या विचार केला आणि उत्तर दोन मिनिटांत सुचलें. पौर्णिमेस चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. सूर्य येथें मावळत नाहीं, म्हणून ज्येष्ठी पौर्णिमेचा चंद्र उगवत नाहीं. तो पायांखालच्या पृथ्वीआड फिरत राहतो. ऐन हिंवाळ्यांत उलटा प्रकार, सूर्य वर येत नाहीं आणि पौर्णिमेचा चंद्र आकाश सोडीत नाहीं. उरलेलें सफरचंद फिरवून आम्हीं हें सौ. ना दाखविलें.

त्यांनीं तें ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, "इतकें सोपें होतें? मग त्या पोराला बाकावर कशाला उभें केलेंत?"

ही हकीगत आम्हीं त्यांना तीस वर्षांपूर्वीं, त्याच संध्याकाळीं, एकदांच सांगितली होती. आम्ही सफरचंद कापूं लागलों.

मुलाचें नांव आठवतें, पत्ता ठाऊक नाहीं. आज तो चाळिशींत असेल. हें मासिक त्याच्या घरीं येत असल्यास, त्याच्या प्रश्नाचें उत्तर वर दिलेलें आहे.