तोंड उघडा, बाबा

डहाणू आणि तलासरी या आमच्या दोन तालुक्यांत पाहुणा आला की त्याच्यापुढे प्रथम पाण्याचा तांब्या येतो आणि गप्पांना रंग चढतो तो तंबाखूच्या डबीने. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू घ्यायची, तीवर चुन्याचे बोट फिरवायचे, अंगठ्याने मळायची, दोन थापट्या मारून भुकटी उडवायची आणि तोच हात शेजाऱ्यापुढे करायचा. त्या हाताला नाही म्हणणे म्हणजे जवळजवळ मैत्रीला नाही म्हणणे. चिकूच्या वाडीत फळे उतरविणारा मजूर, किनाऱ्यावर जाळे दुरुस्त करीत बसलेला मच्छीमार, दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेला वारली गडी, वापीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून परतणारा तरुण, आणि संकोच न बाळगता लिहायचे तर रविवारी मिस्सा सुटल्यावर आवाराबाहेर झाडाखाली जमणारे आमचे धर्मग्रामस्थ, या सर्वांना एका सूत्रात ओवणारी दुसरी वस्तू आम्हांला तरी ठाऊक नाही.

ज्या वस्तूने माणसे जवळ येतात तीच वस्तू त्यांतल्या कित्येकांना आमच्यातून नेते, हे लिहिताना लेखणी अडखळते. परंतु गेली काही वर्षे आजाऱ्यांच्या घरी जाणे आणि कधी कुणाला मुंबईपर्यंत सोबत करणे एवढे एक काम आम्ही अंगावर घेतले आहे, आणि त्या कामात जे दिसले ते सांगितलेच पाहिजे. पुरुषांचा कर्करोग म्हटले की शहरातील वाचकाच्या मनात फुप्फुस किंवा प्रोस्टेट ग्रंथी येत असेल. आमच्या भागात प्रथम येते ते तोंड. हा केवळ आमचा समज नव्हे. जागतिक पातळीवर २०२२ सालासाठी जे अंदाज प्रसिद्ध झाले त्यांत भारतीय पुरुषांमध्ये ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ७ हजार नवे रुग्ण दाखविले आहेत. त्याखालोखाल फुप्फुसाचे सुमारे ५९ हजार आणि अन्ननलिकेचे सुमारे ४५ हजार. म्हणजे पहिल्या क्रमांकाचा आजार हा आरशात दिसणारा आजार आहे. जो डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो, ज्याच्यासाठी एक विजेरी पुरेशी असते, त्याच आजाराने आमची माणसे शेवटच्या पायरीवर पोहोचून मग रुग्णालयात जातात. याहून मोठी विसंगती कोणती?

तलासरीकडच्या एका पाड्यावरील एक वृद्ध गृहस्थ आमच्या परिचयाचे होते. मनमोकळे, पावसाळ्यात स्वतः होऊन शेजाऱ्याची लावणी करून देणारे. गालाच्या आतल्या बाजूस त्यांना एक पांढरट चट्टा होता. तंबाखू धरण्याची जागा तीच. तिथे काही दुखत नव्हते. पुढे चट्ट्याच्या कडेला लहानशी जखम झाली, तरी दुखत नव्हते. मुलाने डॉक्टरचे नाव काढले की ते म्हणत, दुखत नाही तर दाखवायचे काय? तिखट लागले की आग होई, म्हणून त्यांनी तिखट सोडले. मग एक दात हलू लागला, तो काढविला, आणि त्या दाताची जागा काही भरून येईना. भगताकडे दोन फेऱ्या झाल्या. गळ्याला सुपारीएवढी गाठ आली तेव्हा घरच्यांनी त्यांना उचलून नेले. आठ-नऊ महिने असे गेले होते. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुढे अनेक डॉक्टरांच्या तोंडून ऐकले आणि ते प्रत्येक घरात पोहोचावे असे वाटते. हा रोग सुरुवातीस दुखत नाही. वेदना ही त्याची पहिली खूण नसून बहुधा उशिराची खूण असते. शेतात पायाला काटा लागला की लगेच कळते, या सवयीने आम्ही शरीर ओळखतो. कर्करोग त्या सवयीचा फायदा घेतो. तेव्हा दुखण्याची वाट पाहू नये. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, कारण नसता हलणारा दात, जीभ बाहेर काढताना होणारा अडथळा, गळ्यातील न दुखणारी गाठ, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर ती दाखवावी. प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो; पुष्कळसे नसतातच. पण कोणता असतो हे घरी बसून ठरत नाही.

गुटख्याच्या पिढीची खूण थोडी निराळी आहे. त्यांचे तोंडच मिटत जाते. सुपारीने गालाच्या आतील त्वचा ताठ होते, दोरीसारखे पट्टे हाताला लागतात, आणि पंचविशीतला मुलगा वडापाव चेपून खाऊ लागतो. आपलीच तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात शिरतात की नाही एवढे पाहावे. शिरत नसतील तर सुपारी त्याच दिवशी थांबवावी आणि दंतवैद्याकडे जावे. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली दिला आहे. तरी लग्नाच्या मांडवात तबक फिरतेच. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पुड्या मिळतात की नाही हे आम्ही सांगायला नको. एका बाजूस गुजरातची हद्द, दुसरीकडे दमणची स्वस्त दारू, आणि तंबाखूच्या जोडीला दारू आली म्हणजे तोंड, घसा व अन्ननलिका यांवरचा धोका नुसता वाढत नाही, कित्येक पटींनी चढतो.

ही गोष्ट केवळ गरिबांची नव्हे. श्री. शरद पवार यांना २००४ साली तोंडाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतरची त्यांची वर्षे महाराष्ट्राने पाहिली आहेत. आपल्या जुन्या सवयीविषयी ते जाहीर सभांतून बोलले, हे त्यांचे मोठेपण. याउलट माजी गृहमंत्री आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच आजाराने गेले. वय अवघे ५७. आबांच्या निधनाची बातमी आली त्या आठवड्यात आमच्याकडील कित्येकांनी डबी खिशातून काढून ठेवली होती. उपवासकाळ सुरू व्हायचा होता; निश्चयाला मुहूर्त चांगला होता. काही डब्या पुनरुत्थानाच्या सणानंतर पुन्हा खिशात आल्या, काही मात्र कायमच्या गेल्या, आणि आम्ही त्या दुसऱ्यांची मोजदाद करतो.

विजेरीचा उल्लेख वर आला तो सहज नव्हे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यसेवक घरोघर गेले आणि त्यांनी लोकांची तोंडे तपासली. यंत्र नाही, सुई नाही. २००५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले की तंबाखू वा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले होते. आज शासनाच्या कार्यक्रमातही तीस वर्षांवरील प्रत्येकाचे तोंड तपासण्याची तरतूद आहे. आशाताई कागद घेऊन येतात, तंबाखू खाता का असे विचारतात, आणि आमचे पुरुष, दुपारी घरात असलेच तर, मागच्या दाराने वाडीत जातात. एका शिबिरात परिचारिका सिस्टर पाऊण तास एका बाबांची मनधरणी करीत होत्या, 'तोंड उघडा, बाबा, नुसते बघते', आणि बाबा ओठ घट्ट मिटून हसत होते. शेवटी त्यांच्या नातीने त्यांची हनुवटी धरली. सुदैवाने आत काही नव्हते. काही निघेल ही भीतीच त्या मिटलेल्या ओठांमागे होती, असे आम्हांला वाटते.

तोंडाखालोखाल आम्हांला चिंता वाटते ती खोकल्याची. क्षयरोग आमच्या पाड्यांवर इतका परिचित आहे की खोकला आणि वजन घटणे म्हणजे क्षय, असे माणसे स्वतःच ठरवितात. दोन आठवड्यांवरच्या खोकल्यात थुंकी तपासावीच; ते योग्यच आहे. पण क्ष-किरण चित्रात फुप्फुसाचा कर्करोग आणि क्षय यांच्या छाया एकमेकींसारख्या दिसू शकतात. थुंकीत जंतू सापडले नाहीत, औषधे नीट घेऊनही खोकला हटत नाही, थुंकीत रक्त येते, आणि माणूस वर्षानुवर्षे विडी ओढणारा आहे, तर पुढची तपासणी मागून घ्यावी. मागून घेणे हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरतो. आपला गरीब माणूस डॉक्टरपुढे प्रश्न विचारीत नाही.

आवाजाचेही तसेच. आमच्या गायकवृंदातील एका ज्येष्ठ सभासदांचा आवाज एका पावसाळ्यात बसला. सर्दी, मग थंडी, मग वय, अशी कारणे देऊन झाली. घसा बसलेला तीन आठवड्यांवर राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे हा नियम त्यांच्या सुनेने कुठेतरी वाचला होता, म्हणून ते गेले. स्वरयंत्रावर रोगाची अगदी आरंभीची वाढ निघाली. किरणोपचार झाले. आता ते गात नाहीत, पण स्तोत्राचे पान कोणते ते इतरांना मोठ्याने सांगतात.

अन्न गिळताना छातीत अडकल्यासारखे होणे, आधी भाकरी, मग भात, मग पेज, अशी उतरती भाजणी लागणे, हे अन्ननलिकेचे लक्षण. शौचातून रक्त पडले की आमच्याकडे मूळव्याध हे एकच निदान असते आणि त्यावर औषध देणारेही पुष्कळ. परंतु पन्नाशीनंतर प्रथमच रक्त दिसू लागले, किंवा शौचाची रीत बदलली, तर आतड्याची तपासणी झाल्याविना मूळव्याध म्हणू नये. प्रोस्टेटविषयी तर पुरुष मित्राशीही बोलत नाहीत. रात्री चार वेळा उठावे लागणे, धार मंदावणे, ही बहुधा वयाने वाढलेल्या ग्रंथीची लक्षणे असतात, कर्करोगाची नव्हेत. मात्र लघवीत रक्त, किंवा कंबरेच्या हाडात सतत दुखणे, हे अंगावर काढू नये. पीएसए नावाची रक्ततपासणी साध्या वाढीतही चढी येते, म्हणून ती डॉक्टरांशी बोलून करावी. आणि वाचकहो, घरातील तरुण मुलांना एवढे तरी सांगून ठेवावे की वृषणात न दुखणारी कठीण गाठ लागली तर लाजू नये. पंधरा ते चाळीस या वयातला हा कर्करोग वेळेवर कळला तर बहुतेक सर्व बरे होतात. लाजेने गेलेला जीव ही फार स्वस्तात गेलेली गोष्ट आहे.

तपासणीसाठी तुकडा काढला की रोग पसरतो, ही समजूत आमच्याकडे पक्की आहे. चाकू लागला म्हणून गेला, असे म्हणतात. तो गेला कारण चाकू उशिरा लागला. तुकडा तपासल्याखेरीज रोगाचे नाव कळत नाही आणि नाव कळल्याखेरीज उपचार ठरत नाहीत. दुसरी समजूत स्पर्शाची. रुग्णाचे ताट-पेला वेगळा ठेवणारी सुशिक्षित घरेही आम्ही पाहिली. कर्करोग शेजारी बसून जेवल्याने लागत नाही. ज्याला गिळता येत नाही त्याला पंगतीतूनही उठविणे हे कोणत्याच धर्मात बसत नाही.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे दार २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. ज्या रस्त्यावर ते उभे आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. मूळचे गोव्याचे हे शल्यविशारद आयुष्यभर याच रुग्णांत रमले आणि १९६९ साली निवर्तले. बाहेरगावच्या रुग्णांसाठी वांद्र्यास त्यांच्या नावाचे निवासगृहही आहे. त्याच रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली जगाला एक गोष्ट सिद्ध करून दाखविली: तोंडाच्या आरंभीच्या कर्करोगात मानेतील ग्रंथी, गाठ दिसण्याची वाट न पाहता, पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या तर तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात असतात, वाट पाहिली तर ६७.५ टक्के. ज्या शास्त्राने हे मोजले ते आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, आणि २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येते.

तलासरीला मात्र रेल्वे नाही, हे ध्यानात घेऊन आदल्या रात्री डहाणूस नातेवाइकांकडे उतरावे. आधी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवून चिठ्ठी घ्यावी. शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत असू द्यावे, कारण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. आधी कुठे तुकडा काढला असेल तर अहवालाबरोबर काचपट्टी आणि मेणातला तुकडाही मागून घ्यावा. तो रुग्णाचा असतो, आणि नसला तर सारे पुन्हा करावे लागते. पहाटेच्या गाडीने दादरला उतरावे, परळ तिथून जवळ आहे. रुग्णाबरोबर एक लिहिता-वाचता येणारा माणूस हवाच. तसा कुणी घरात नसेल तर धर्मग्रामाच्या कार्यालयात निरोप ठेवावा. आमच्यापैकी कुणीतरी येते.