रविवारचे जेवण, सोमवारचे वजन

सोमवारी दवाखान्यात एखादा तरी हिरमुसलेला चेहरा येतोच. आठवडाभर पथ्य पाळले, रविवारी हॉटेलात जेवण झाले आणि वजन दीड किलोने वाढले! मी हिशेब मांडून दाखवतो. एक किलो चरबी साठण्यास सुमारे ७,७०० जादा कॅलरी लागतात. एका जेवणात त्या येत नाहीत. वाढते ते पाणी. जादा मीठ ते धरून ठेवते. भात-मैद्यातून साठणारे ग्लायकोजेनही स्वतःच्या सुमारे तिप्पट पाणी बाळगते. नेहमीच्या आहाराने ते काही दिवसांत उतरते. त्यासाठी उपास नको, निराशेने पथ्य सोडणेही नको. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांना मात्र मी हा दिलासा देत नाही. वजन अचानक वाढले, पाय सुजले किंवा धाप लागली, तर त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.