गाडीचा उतारा

माझे मामा इंग्लंडात कॉव्हेन्ट्रीस असतात. त्यांच्याजवळ १९६७ सालची एम. जी. बी. होती, दोन माणसांची, उघड्या टपाची. "लाल रंग कारखान्याचा आणि इंजिनही मूळचेच," हे त्यांचे पालुपद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गाडी विकायची ठरली तेव्हा गिऱ्हाईक म्हणाले, कागद दाखवा.

ही गाडी ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० पर्यंत तयार होई. पाच लाखांवर निघाल्या. पुढे कारखाना बंद पडला, पण दप्तर वाचले. ते गेडनच्या ब्रिटिश मोटार म्युझियममध्ये आहे. चासीचा क्रमांक कळवून फी भरली, की दाखला मिळतो: गाडी कधी बांधली, कधी बाहेर पडली, कोणत्या देशी पाठवली, रंग कोणता, इंजिनाचा क्रमांक काय. आपल्याकडचा शेताचा उताराच म्हणा ना!

पाकीट आले तेव्हा सुटीत मी तेथेच होतो. मूळ रंग पांढरा! मग बॉनेट उघडून, टॉर्च धरून आम्ही इंजिनावरची पट्टी घासली. आकडे जुळेनात. त्या काळी झिजलेले इंजिन देऊन कारखान्याने दुरुस्त केलेले बदली घेता येई. आधीच्या कुणा मालकाने तसे केले असावे.

"मामा, रंगाचे सांगा. इंजिनाचे त्याला कुठे कळणार आहे?" मी बोलून गेलो, आणि ओशाळलो. मामा काहीच बोलले नाहीत. त्यांनी दाखला सगळ्या कागदांच्या वर ठेवला आणि गिऱ्हाइकाला फोन लावला.

किंमत बरीच उतरली. गाडी गेली त्या संध्याकाळी मामी म्हणाल्या, "अहो, पांढरीच शोभली असती." मामा रिकाम्या गॅरेजचा दिवा मालवायला गेले, ते बराच वेळ आले नाहीत.