बेंचवर गुणी, वस्तीवर वेडा

गेल्या शनिवारी इथे काही लिहिलं नाही, कारण राहुरी तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर मी एका पेटीसमोर बसून बोलणी खात होतो. पेटी मित्राची, आतलं फर्मवेअर माझं.

तात्यांच्या दूध संकलन केंद्रावर लाइट गेली की वजनकाटा आणि फॅट मशीन बंद. म्हणून बॅटरी चार्ज करायला २ किलोवॅटचा रेक्टिफायर बसवला. पुण्यात बेंचवर तीन आठवडे गुणी बाळ! इथे पहाटे शेतीच्या मोटारी सुरू झाल्या आणि पेटी घूं घूं करायला लागली, बल्ब लुकलुकले, ट्रिप. परत चालू, परत ट्रिप. मग लाइटच गेली. बॅटरी रिकामी, बाहेर कॅन घेऊन माणसं उभी.

तात्या म्हणाले, "आरं, पुण्यातली वीज येगळी असती का?"

असते की! आमची वस्ती फीडरच्या अगदी टोकाला. तिथपर्यंतच्या लांबलचक तारेचा इम्पीडन्स माझ्या मॉडेलमध्ये चक्क शून्य होता.

साधा हीटर समजूतदार असतो, व्होल्टेज पडलं की प्रवाह कमी घेतो. रेक्टिफायरला मात्र आउटपुट धरून ठेवायचा हट्ट. २३० व्होल्टला ८.७ अँपिअर, तर १८० ला ११.१. जास्त प्रवाह ओढला की तारेत व्होल्टेज आणखी पडतं, की हा आणखी ओढतो. छोट्या बदलांपुरता तो लाइनला ऋण रोधासारखा दिसतो: २३० ला उणे २६ ओहम, १८० ला उणे १६. मिडलब्रुक यांनी १९७६ मध्येच सांगून ठेवलंय की स्रोताचा इम्पीडन्स या आकड्याच्या बराच खाली हवा. मी कॉलेजात ते पाठ करून मार्कही मिळवले होते. असो.

मी एकटाच नाही म्हणा. १९९५ साली झुरिकमध्ये नवी कन्व्हर्टरवाली रेल्वे इंजिनं लाइनमधल्या रेझोनन्समुळे बंद पडली. दोष एका इंजिनाचा नव्हता, कंट्रोल आणि लाइन यांच्या जोडीचा होता. आता आपल्या दौंड-मनमाड मार्गावरही विजेची इंजिनं धावतात, त्यामुळे नगर स्टेशनवर (अहिल्यानगर म्हणायला जीभ अजून वळत नाही) उभं राहिलं की मला हेच आठवणार.

दुपारभर ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. मॉडेलमध्ये तार घातली तर स्क्रीनवर तीच घूं घूं! व्होल्टेज लूप मी फार चपळ ठेवला होता, बेंचवर रुबाबदार दिसायचा ना. तो संथ केला, आणि व्होल्टेज पडलं की चार्जिंगचा प्रवाहही कमी करायचा, असा नियम घातला. बॅटरी तासभर उशिरा भरली तर कुणाचं काही अडत नाही.

रविवारी पहाटे मोटारी सुरू झाल्या. मीटरवर १७८. पेटी गप्प. तात्या काही बोलले नाहीत, चहा मात्र पाठवला.

शनिवारी कॅन उचलून दुसऱ्या केंद्रावर गेलेल्यांपैकी दोघं अजून परत आलेले नाहीत.