जांभ्या खडकावरचं नामस्मरण

मे महिन्यात कासच्या पठारावर गेलात तर डोळ्यांत भरावं असं काहीच नसतं. काळपट जांभा खडक आणि वाळून कोळ झालेलं गवत. माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. पण आषाढ-श्रावण धो धो कोसळून गेले की भाद्रपदात त्याच खडकावर तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, गेंदाचा पांढरा रंग मावेनासा होतो. साताऱ्याहून माणसांची रीघ लागते.

मला तिथे गेलं की पायवाटेच्या कडेला उकिडवं बसावंसं वाटतं, ते सीतेच्या आसवांसाठी. उभ्याने पाहिलं तर नुसता जांभळा रंग दिसतो. वाकलं की एकेक फूल दिसू लागतं. नखाएवढं, काडीहून बारीक देठावर तोललेलं. या झाडाला खरी मुळंच नसतात. ओल्या मातीत त्याच्या टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या दडलेल्या असतात. इथल्या मातीत नत्र फार थोडं, आणि पावसात तेही धुपून जातं. म्हणून ही इवलीशी वनस्पती सूक्ष्म जीवांवर गुजराण करते. पिशवीच्या तोंडाशी असलेल्या केसाला एखाद्या जीवाचा धक्का लागला की झडप आत उघडते आणि पापणी लवायच्या आत तो पाण्यासकट ओढला जातो.

हे वाचून कळलं, आणि पुढच्या खेपेला त्या फुलापुढे हात आपोआप जोडले गेले. शास्त्र कळलं की श्रद्धा पातळ होते, असं पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही. कळत जातं तसतसा कर्ता मोठा होत जातो. शिवाय, पाहायला कुणीही नसतं तेव्हाही हे फूल तितक्याच नेटकेपणाने उमलतं. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलून मरून जाणाऱ्या कारवीचंही तेच. कुणासाठी एवढी कलाकुसर? हा प्रश्न मनात आला की माझं नामस्मरण सुरू होतं. त्याला माळ लागत नाही.

सावता माळ्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणला त्यांचा मळा होता. भाजीपाल्याला पाणी देता देताच त्यांना विठ्ठल भेटला. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला जातात, पण सावतोबांच्या भेटीला मात्र पांडुरंगाचीच पालखी अरणला येते. या प्रथेइतकी सुंदर गोष्ट मला वारकरी परंपरेत दुसरी दिसत नाही.

पश्चिम घाटातल्या ज्या जागांना 2012 साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कासही आहे. तिथे जाल तेव्हा फोटोसाठी फुलांत शिरू नका. कडेला बसा, एकच फूल निवडा आणि त्याच्याकडे निवांत पाहा. कासला जाणं जमलं नाही, तर कुंपणावरची गोकर्णही चालेल.